हरलेल्यांची बखर

काही आठवड्यांपूर्वी एका वाचनालयात प्राचीन इस्रायलवरचे व्याख्यान ऐकायला गेलो होतो. व्याख्यान चांगले झाले. प्रश्नोत्तरे मात्र पहिल्या पाच मिनिटांतच हातघाईवर आली. एका गृहस्थांचे म्हणणे असे, की प्राचीन इस्रायलचा राजा दावीद याच्या घराण्याचे नाव कोरलेला दगड सापडला, तेव्हा बायबलमधला शब्दन् शब्द खरा ठरला. दुसऱ्यांचे म्हणणे असे, की इस्रायल लोकांना इजिप्तच्या गुलामीतून बाहेर काढणाऱ्या मोशेचा एकही पुरावा तिथे मिळत नाही, तेव्हा सगळे पुस्तकच मागाहून बसून रचलेले आहे. तिसऱ्यांनी आजच्या पश्चिम आशियातल्या संघर्षाचा विषय काढला, आणि मग मूळपुरुष अब्राहामाला देवाकडून मिळालेले भूमीचे वचन म्हणजे जणू जमिनीचा सातबारा आहे अशा थाटात दोन्ही बाजू बोलू लागल्या. एकाच्या मते उतारा अस्सल, दुसऱ्याच्या मते बनावट. हा वाद मी अनेक ठिकाणी ऐकला आहे, आणि दर वेळी मला वाटते की भांडणाऱ्यांचे मुळातल्या गोष्टीवर एकमतच आहे. ग्रंथ म्हणजे कोर्टातला साक्षीदार, त्याची एक ओळ खरी निघाली की सगळी जबानी खरी आणि एक खोटी निघाली की सगळी खोटी, असे दोघेही धरून चालतात. ही धारणाच चुकीची आहे.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगतो. हिब्रू लोकांचा धर्मग्रंथ, ज्याला ते तनाख म्हणतात आणि मराठी ख्रिस्ती परंपरा जुना करार म्हणते, तो राज्य, राजधानी आणि मंदिर गमावून बसलेल्या लोकांनी मांडलेला आपल्या पराभवाचा हिशोब आहे. त्यात दरबारी नोंदी आहेत, लढाईची गाणी आहेत, कायदे आहेत, पुरोहितांच्या वंशावळी आहेत, शापवाणी आहे, विलाप आहे, आणि या सगळ्यावरून कित्येक शतके कित्येकांचे हात फिरले आहेत. म्हणून ‘हे घडले का’ या एकाच प्रश्नाने तो उलगडत नाही. प्रत्येक प्रकरणापुढे थांबून हे कोणी लिहिले, केव्हा, कोणासाठी लिहिले, आणि याच्या उलट सांगणारा मजकूर दोन पानांवर तसाच का राहू दिला, असे विचारावे लागते.

मराठी वाचकाला ही रीत परकी वाटू नये. बखरींच्या खरेखोटेपणावरून आपल्याकडे शंभर वर्षे वाद झाले. बखरीत आहे एवढ्यावर आज कोणी गोष्ट खरी मानत नाही. समकालीन पत्र दाखवा, असे म्हणतो. पण पानिपताच्या बखरींतले आकडे फुगलेले आहेत, संवाद रचलेले आहेत, म्हणून १७६१ साली पानिपतावर काही घडलेच नाही, असे कोणी म्हटले तर त्याला आपण काय म्हणू? बखर आपल्याला दोन काळांबद्दल सांगते: ज्या काळाची ती गोष्ट आहे त्याबद्दल थोडे, आणि ज्या काळात ती लिहिली गेली त्याबद्दल पुष्कळ. हिब्रू ग्रंथालाही हेच लागू आहे.

आधी ग्रंथाबाहेरचे काय हाती आहे ते पाहू, कारण ते कमी नाही. इस्रायल हे नाव पहिल्यांदा येते ते इजिप्तचा फारो मर्नेप्ताह याच्या विजयस्तंभावर. हा स्तंभ १८९६ साली फ्लिंडर्स पेट्री यांना थीब्ज येथे सापडला आणि तो इ. स. पूर्व १२०८ च्या सुमाराचा आहे. कनानमधली, म्हणजे पुढे इस्रायल झालेल्या प्रदेशातली, शहरे मोजता मोजता लेखक सांगतो, की इस्रायल उजाड झाला, त्याचे बीज उरले नाही. शेजारच्या शहरांच्या नावांपुढे प्रदेशाची खूण आहे, इस्रायलपुढे मात्र लोकसमूहाची. पुढे साडेतीनशे वर्षांनी शेजारच्या मवाब राज्याचा राजा मेशा आपल्या शिलालेखात हेच पुन्हा लिहितो, की इस्रायल कायमचा नष्ट झाला. हा लेख १८६८ साली सापडला, आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. म्हणजे ज्या लोकांबद्दल आपण बोलतो आहोत त्यांची जगाच्या दप्तरातली पहिली नोंदच मृत्यूची आहे, आणि नंतर ती एकदा पुन्हाही झाली.

आता विरोधी बाजूचे सर्वांत बळकट मुद्दे घेतो, आणि ते मान्यच करतो. निर्गमाच्या पुस्तकात इजिप्तमधून निघालेल्या पुरुषांचाच आकडा सहा लाख दिला आहे. बायका-मुले धरली तर वीस लाखांच्या वर जातो. इतकी माणसे सिनायच्या वाळवंटात चाळीस वर्षे राहिली असती तर काहीतरी मागे राहिले असते; तसे काही सापडलेले नाही. मोशेनंतरचा पुढारी यहोशवा याच्या पुस्तकात यरीहो शहराची तटबंदी कर्ण्यांच्या आवाजाने कोसळते. १९५२ ते १९५८ या काळात कॅथलीन केनियन यांनी तिथे उत्खनन केले, तेव्हा त्या कथेला जो काळ द्यावा लागेल त्या काळात तिथे पाडण्याजोगी तटबंदीच नव्हती असे दिसले. आय नावाचे जे शहर यहोशवा जाळतो, ते त्याच्याही हजार वर्षे आधी ओस पडलेले होते. त्या नावाचा अर्थच ‘ढिगारा’ असा लावतात. त्या शतकांत कनानवर इजिप्तची सत्ता होती. १८८७ साली उजेडात आलेल्या अमार्ना पत्रांत यरुशलेमचा मांडलिक अब्दी-हेबा फारोकडे धनुर्धारी पाठवा म्हणून काकुळतीने विनवणी करताना दिसतो. यहोशवाच्या पुस्तकाला या इजिप्शियन अमलाचा पत्ताच नाही. आणि बाराशेच्या सुमारास डोंगराळ भागात ज्या शेकडो छोट्या वस्त्या उभ्या राहिल्या, त्यांतली मडकी आणि रांजण पाहता ते लोक बाहेरून आलेले आक्रमक वाटत नाहीत, बहुतांशी कनानी मातीतलेच वाटतात. अब्राहामाच्या कथेतल्या ‘खास्द्यांच्या ऊर’ नगरातले खास्दी, म्हणजे खाल्डियन, हेही अब्राहामाच्या मानलेल्या काळानंतर शेकडो वर्षांनी इतिहासात येतात. हे सगळे मान्य केल्यावाचून पुढे बोलण्यात अर्थ नाही.

पण यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो मला मान्य नाही. यहोशवाचे पुस्तक मिटून पुढचेच शास्त्यांचे पुस्तक उघडा. त्याचा पहिला अध्याय म्हणजे जिंकता न आलेल्या गावांची यादी आहे. अमक्या वंशाला तमक्या गावच्या कनान्यांना घालवता आले नाही, मैदानातल्या लोकांकडे लोखंडी रथ होते म्हणून तिथे काही चालले नाही, यरुशलेमातले यबूसी ‘आजपर्यंत’ तिथेच राहत आहेत. सबंध देश एका झपाट्यात जिंकल्याची कथा खोटी आहे असे पुरातत्त्वज्ञ विसाव्या शतकात म्हणाले. ग्रंथाचाच दुसरा आवाज ते दोन हजार वर्षांपूर्वीपासून म्हणतो आहे. ज्याला बनावट दस्तऐवज करायचा आहे, तो स्वतःच्याच दाव्याला छेद देणारी यादी पुढच्या पानावर जोडील काय?

याहून सुंदर उदाहरण गल्याथाचे आहे. पोरसवदा दाविदाने गोफणीच्या दगडाने गल्याथाला लोळवले ही कथा न ऐकलेला माणूस विरळा. ती शमुवेलच्या पहिल्या पुस्तकात आहे. दुसऱ्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात एका साध्या यादीत मूळ हिब्रू मजकूर सांगतो, की गल्याथाला मारले ते बेथलेहेमच्या एलहानानाने. त्याच्या भाल्याचा दांडा कोष्ट्याच्या तुरीएवढा जाड होता हा तपशीलही दोन्हीकडे सारखाच. म्हणजे एका अनाम शिपायाचा पराक्रम पुढे राजाच्या नावावर जमा झाला असावा. असे आपल्याकडेही झालेले आहे. नंतरच्या काळात ‘इतिहास’ नावाचे बायबलमधले पुस्तक लिहिणाऱ्याला ही विसंगती खुपली आणि त्याने एलहानानाने गल्याथाच्या भावाला मारले अशी दुरुस्ती केली. १६११ च्या इंग्रजी भाषांतरकारांनी तर ‘भाऊ’ हा शब्द शमुवेलच्या पुस्तकातच घुसडला. पण हिब्रू नक्कलकारांनी शमुवेलच्या मूळ ओळीला हात लावला नाही. चूक, दुरुस्ती आणि दुरुस्त न केलेला मूळ पाठ असे तिन्ही एकाच पवित्र संग्रहात आज आहेत. बथशेबेचेही तेच. दावीद राजाने आपल्याच शिपायाची बायको बथशेबा घरात आणली आणि त्याला आघाडीवर पाठवून मारवले, ही गोष्ट शमुवेलने सविस्तर सांगितली, इतिहासाच्या लेखकाने ती गाळली, आणि संग्रह करणाऱ्यांनी दोन्ही पुस्तके ठेवली.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. विसंगती राहिल्या त्या प्रामाणिकपणामुळे नव्हेत. मजकूर पवित्र ठरून गेल्यावर त्याला हात लावण्याची कोणाची छाती झाली नाही एवढेच. शिवाय स्वतःच्या देवाने रागावून आपल्याला हरवले ही कल्पनाही हिब्रूंची एकट्यांची नाही. मवाबच्या त्याच शिलालेखात मेशा लिहितो, की इस्रायलच्या अम्री राजाने मवाबला पुष्कळ दिवस जाचले, कारण मवाबचा देव कमोश आपल्या देशावर रुष्ट झाला होता. सुमेरमध्ये तर उद्ध्वस्त झालेल्या ऊर नगराचे विलाप त्याच्याही हजार वर्षांहून आधी रचले गेले होते. हे दोन्ही मुद्दे मी स्वीकारतो. संपादकांच्या अंगी आजच्या इतिहासकाराचा सत्यनिष्ठपणा होता असे माझे म्हणणेच नाही. पण मेशाला रुष्ट देवाची आठवण होते ती विजयानंतर, राज्य परत मिळाल्यावर, आणि तीही दगडावर, राजाच्या खर्चाने. हिब्रूंनी हा हिशोब मांडला तो राज्य परत मिळालेले नसताना. राजा नाही, दरबार नाही, लेख कोरायला दगड उभा करावा अशी स्वतःच्या सत्तेखालची चार हात जमीन नाही, अशा स्थितीत जे लिहिले जाते त्याची जात वेगळी असते.

ती जात ओळखायची असेल तर अहाब राजाकडे पाहा. तो उत्तरेकडच्या इस्रायल राज्याचा राजा; दक्षिणेत यरुशलेमभोवती यहूदा हे वेगळे राज्य होते. इ. स. पूर्व ८५३ मध्ये असीरियाचा राजा तिसरा शल्मनेसर कर्कर येथे बारा राजांच्या फळीशी लढला. त्याच्या शिलालेखात इस्रायलच्या अहाबाचे दोन हजार रथ आणि दहा हजार पायदळ नोंदले आहे. रथांचा तो आकडा त्या फळीत सर्वांत मोठा. अहाबाचा बाप अम्री इतका नावाजलेला, की त्याचे घराणे गेल्यावरही असीरियाच्या दप्तरात ते राज्य त्याच्याच नावाने ओळखले जात होते. आता राजांचे पुस्तक काढा. अम्रीच्या कारकिर्दीला जेमतेम पाच-सहा वचने. कर्करच्या लढाईचा उल्लेखही नाही. त्याऐवजी एक सबंध अध्याय आहे तो इज्रेलमधल्या नाबोथ नावाच्या एका शेतकऱ्याच्या द्राक्षमळ्यावर. मळा राजवाड्याला लागून होता. राजाला तिथे भाजीपाला लावायचा होता. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांचे वतन देणार नाही. राजा घरी येऊन तोंड फिरवून पडून राहिला, जेवला नाही. राणी ईजबेलने राजाच्या शिक्क्याची पत्रे पाठवून दोन खोटे साक्षीदार उभे केले, नाबोथाला गावाबाहेर दगडांनी ठेचून मारवले आणि राजाला मळा ताब्यात घ्यायला सांगितले. मग एलीया संदेष्टा त्याच मळ्यात राजाला गाठून विचारतो, की खून करून वतनही घेतलेस का?

रथांचे दोन हजार वगळायचे आणि एका मळ्याची कथा ठेवायची, ही निवड कोणत्या दरबारी भाटाने केली असती? इतिहासाचा अभ्यासक म्हणून मला कर्करबद्दलचे मौन खटकते. राजकीय इतिहासाचे साधन म्हणून हे पुस्तक कमी पडते ते इथे. पण राज्य का बुडाले हे समजून घ्यायला बसलेल्या माणसाला कर्करपेक्षा नाबोथ महत्त्वाचा वाटला, आणि त्याने तसे लिहिले. या निवडीकडे न पाहता जो खऱ्याखोट्याचा निवाडा करतो, त्याने पुस्तक वाचलेच नाही असे मी म्हणेन.

श्रद्धावान बाजूलाही मला तितकेच स्पष्ट सांगायचे आहे. १९९३ साली तेल दान येथे सापडलेल्या अरामी शिलालेखात ‘दाविदाचे घराणे’ हे शब्द आहेत. लेख इ. स. पूर्व नवव्या शतकातला आहे. दावीद हा निव्वळ कल्पनेतला राजा आहे असे म्हणणाऱ्यांची त्याने अडचण केली हे खरे. पण त्या दगडाने सिद्ध होते ते इतकेच, की दाविदाच्या नंतर शे-सव्वाशे वर्षांनी शेजारचे शत्रू यहूदाच्या राजवंशाला त्याच्या नावाने ओळखत होते. त्याने स्तोत्रे रचली, गल्याथ मारला, किंवा त्याचा मुलगा शलमोन युफ्रेटिसपर्यंत राज्य करीत होता, हे त्यातून निघत नाही. शलमोनाचे नाव असलेला एकही समकालीन लेख आजवर मिळालेला नाही, आणि मगिद्दो, हासोर, गेजेर येथल्या वेशी त्याच्या काळातल्या की शतकभर नंतरच्या यावर पुरातत्त्वज्ञांचे अजून एकमत नाही. घराण्याचा मूळपुरुष खरा निघाला म्हणून त्याच्यावरचे पोवाडे खरे ठरत नाहीत.

धर्माच्या बाबतीत तर उत्खननाने श्रद्धेच्या सरधोपट चित्राला अधिकच धक्का दिला. सिनायच्या ईशान्य भागात कुंतिल्लत अजरूद येथे इ. स. पूर्व ८०० च्या सुमाराच्या रांजणांवर ‘शोमरोनचा याहवे आणि त्याची अशेरा’ (शोमरोन ही इस्रायलची राजधानी, याहवे हा त्यांचा देव) यांच्या नावाने आशीर्वाद लिहिलेले मिळाले. अशेरा ही कनानी देवी. नाईल नदीतल्या एलिफंटाइन बेटावर पर्शियाच्या चाकरीतले यहुदी शिपाई इ. स. पूर्व पाचव्या शतकात याहोचे, म्हणजे त्याच याहवेचे, स्वतंत्र मंदिर चालवत होते, आणि ते मंदिर इ. स. पूर्व ४१० मध्ये पाडले गेले तेव्हा पुन्हा बांधू द्या म्हणून त्यांनी यहूदाच्या सुभेदाराला अर्ज लिहिला. यरुशलेमबाहेर मंदिर असणे हा नियमभंग आहे याची त्या अर्जात पुसटशीही जाणीव दिसत नाही. म्हणजे एकच देव आणि एकच मंदिर हा सिनाय पर्वतापासून चालत आलेला सर्वमान्य नियम नव्हता. तो फार उशिरा, झगडून, रुजवावा लागला. राजांच्या पुस्तकानुसार योशीया राजाच्या कारकिर्दीत, इ. स. पूर्व ६२२ च्या सुमारास, मंदिराची डागडुजी चालू असता नियमशास्त्राचा ग्रंथ ‘सापडला’, आणि त्याच्या आधारे राजाने मोठी सुधारणा केली. तो ग्रंथ म्हणजे ‘अनुवाद’ नावाच्या बायबलमधल्या पुस्तकाचाच गाभा असावा, हे डी वेट या जर्मन अभ्यासकाचे १८०५ सालचे मत आजही बहुतेक विद्वान मानतात. पण पुन्हा पाहा: मंदिरातच अशेरेची मूर्ती होती आणि योशीयाने ती बाहेर काढून किद्रोन ओढ्याकाठी जाळली, हे कोण सांगते? ग्रंथच सांगतो. संदेष्टे शतकानुशतके ज्या गोष्टीवरून लोकांना झोडपत होते, तीच गोष्ट मातीतून वर आली.

परस्परांना छेद देणाऱ्या साक्षी कशा वाचाव्या याचा वस्तुपाठ म्हणजे इ. स. पूर्व ७०१ हे वर्ष. असीरियाचा राजा सन्हेरीब यहूदावर चालून आला; तेव्हा तिथे हिज्कीया राजा होता. त्याच्या मातीच्या लोलकाकृती लेखात तो सांगतो, की मी तटबंदीची ४६ शहरे घेतली आणि हिज्कीयाला त्याच्या यरुशलेमात पिंजऱ्यातल्या पाखरासारखे कोंडले; हिज्कीयाने तीस किक्कार (किक्कार हे वजनाचे माप) सोने आणि आठशे किक्कार चांदी दिली. राजांचे पुस्तक म्हणते तीस किक्कार सोने आणि तीनशे किक्कार चांदी. सोन्याचा आकडा दोन शत्रूंच्या दप्तरांत तंतोतंत जुळतो. यरुशलेम घेतले असे सन्हेरीब कुठेही म्हणत नाही, आणि ज्याने घेतलेली शहरे मोजून सांगितली तो राजधानी घेतल्याचे विसरणार नाही. ग्रंथ म्हणतो, की परमेश्वराच्या दूताने एका रात्रीत १,८५,००० असीरियन मारले. हा आकडा आणि तो दूत मी इतिहास म्हणून स्वीकारत नाही. पण शहर वाचले हे दोन्ही साक्षींतून निघते. तिसरी साक्ष लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. असीरियाची राजधानी निनवे इथल्या राजवाड्यातले, यहूदातल्या लाखीश शहराच्या पाडावाचे कोरीव पट तिथे एका दालनाच्या भिंती व्यापून आहेत. चढणीच्या उतारावरून लोटत नेलेली तट फोडायची यंत्रे, सुळांवर चढवलेले पुरुष, बैलगाडीवर गाठोड्यांवर बसलेल्या बायका, त्यांच्या पुढ्यातली मुले, आणि शेवटी सिंहासनावर बसून लूट पाहणारा राजा. त्या राजाचा चेहरा नंतर कोणीतरी छिन्नीने फोडून टाकला आहे. ग्रंथात लाखीशच्या या पाडावाचे वर्णन नाही, सन्हेरीब तिथे तळ देऊन होता इतकाच उल्लेख. जे हरले त्यांनी ती जखम शब्दांत उघडी केली नाही. जिंकलेल्याने ती भिंतीवर मिरवली.

ग्रंथ उशिरा सिद्ध झाला, म्हणून तो कल्पित, हा युक्तिवाद आपल्या कोकणात येऊन तपासून पाहावा. बेने इस्रायल हा यहुदी समाज शतकानुशतके रायगडच्या किनारपट्टीत तेलाचे घाणे चालवत राहिला. शनिवारी घाणा बंद ठेवायचा म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणत. त्यांच्याजवळ हिब्रू ग्रंथ उरला नव्हता. उरला होता तो शब्बाथ, सुंता, खाण्यापिण्याचे काही निर्बंध आणि ‘शमा इस्रायल’ ही एक प्रार्थना, जी ते लग्नापासून मर्तिकापर्यंत सर्वत्र म्हणत. बाहेरच्या यहुद्यांशी गाठ पडली तेव्हा एवढ्यावरून त्यांची ओळख पटली. पुस्तकाशिवाय आठवण किती काळ आणि किती घट्ट टिकते याचे हे आपल्या डोळ्यांसमोरचे उदाहरण आहे. पण त्याच समाजाची मूळकथा घ्या: नवगावजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया वाचल्या. ते गलबत केव्हा फुटले याची उत्तरे शेकडो वर्षांच्या अंतराने वेगवेगळी दिली जातात आणि एकालाही समकालीन कागदाचा आधार नाही. आठवण आचार जपते, आकडे गोल करते आणि पूर्वजांना सातच्या हिशोबात बसवते. बारा वंश आणि चाळीस वर्षे वाचताना मला नवगाव आठवते, आणि मग मी ‘खोटे’ हा शब्द वापरायला धजत नाही.

लेखी परंपरेचीही अशीच दुहेरी साक्ष आहे. १९४७ पासून मृत समुद्राजवळ कुमरानच्या गुहांत ज्या गुंडाळ्या मिळाल्या, त्यांतली यशया संदेष्ट्याच्या पुस्तकाची मोठी गुंडाळी तोवर ठाऊक असलेल्या हिब्रू हस्तलिखितांहून सुमारे हजार वर्षांनी जुनी निघाली, आणि मजकूर बहुतांशी तोच निघाला. पण त्याच गुहांत यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकाचा लांब आणि आखूड असे दोन्ही पाठ मिळाले. भांडारकर संस्थेने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली तेव्हा आपल्या पंडितांनी याच तऱ्हेचा गुंता सोडवला होता, आणि त्यामुळे महाभारत कोणी फेकून दिले नाही.

राहता राहिला सातबारा. इथे मला दोन्ही पक्षांविरुद्ध बोलायचे आहे. यरुशलेमात यहुद्यांचे मंदिर कधी नव्हतेच, असे जेव्हा कोणी आज राजकारणासाठी म्हणतो, तेव्हा तो इतिहासाचा अपलाप करतो. त्या भूमीशी या लोकांचे नाते दगड, नाणी आणि परक्यांचे लेख यांनी भक्कम सिद्ध आहे. ग्रंथात जमिनीची ओढही खरी आहे. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातलेला असताना, शहर पडणार हे स्वतःच सांगत असताना, यिर्मया अनाथोथ गावचे एक शेत सतरा शेकेल चांदी मोजून विकत घेतो, साक्षीदारांच्या सह्या घेतो आणि खरेदीखत पुष्कळ दिवस टिकावे म्हणून मातीच्या मडक्यात ठेवायला लावतो. हे वाचताना माझा तरी गळा दाटतो. पण म्हणून हा ग्रंथ आजच्या सीमा ठरवायला पुरेसा आहे काय? लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात जमिनीच्या मालकाचे नाव स्पष्ट आहे: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे परके आणि उपरे आहात, असे तिथे परमेश्वर म्हणतो. आपल्या भाषेत सांगायचे तर मालकाच्या रकान्यात देव आणि इस्रायल लोक केवळ कूळ, तेही वागणूक सुधारली नाही तर बेदखल होणारे. आणि ते बेदखल कसे झाले हे सांगण्यात अर्धा ग्रंथ खर्ची पडला आहे. हाच ग्रंथ हातात घेऊन न्यू इंग्लंडमध्ये उतरलेल्या प्युरिटनांनी स्वतःला नवे इस्रायल मानले आणि तिथल्या मूळ रहिवाशांना कनानी. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअरांनीही तसेच केले. आणि त्याच ग्रंथातला निर्गम गात अमेरिकेतल्या काळ्या गुलामांनी मालकांना फारो म्हटले. ज्या पुस्तकात यरीहोची कत्तल आणि नाबोथाचा मळा हे दोन्ही आहेत, त्यातून आपण कोणते पान उघडतो याची जबाबदारी उघडणाऱ्यावर येते, ती तीन हजार वर्षांपूर्वीच्या लेखकावर ढकलता येत नाही.

त्या वाचनालयात मला बोलायची संधी मिळाली असती तर मी यहोयाखीनाची गोष्ट सांगितली असती. अठराव्या वर्षी गादीवर आलेला हा यहूदाचा राजा तीन महिन्यांत बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याला शरण गेला आणि इ. स. पूर्व ५९७ मध्ये बाबेलला नेला गेला. अकरा वर्षांनी मंदिरही जळाले. राजांच्या पुस्तकाचा शेवट कोणत्याही विजयाने होत नाही. कैदेच्या सदतिसाव्या वर्षी बाबेलच्या नव्या राजाने यहोयाखीनाला बंदिवासातून बाहेर काढले, त्याची कैद्याची वस्त्रे बदलली आणि त्याच्या उर्वरित आयुष्यभर रोजचा शिधा बांधून दिला, असे लिहून लेखक थांबतो. विसाव्या शतकाच्या आरंभी जर्मन पुरातत्त्वज्ञांनी बाबेलच्या राजवाड्यात कीललिपीतल्या मातीच्या पाट्या खणून काढल्या. त्या १९३९ साली प्रसिद्ध झाल्या. त्या कोठीच्या नोंदी आहेत. इ. स. पूर्व ५९२ च्या एका पाटीवर, इतर कैदी राजपुत्र, खलाशी आणि सुतार यांच्या बरोबरीने, कारकुनाने तेलाचे माप लिहिले आहे: यहूदाचा राजा याउकीनू याला इतके, आणि यहूदाच्या राजाच्या पाच मुलांना इतके. ग्रंथ ज्या काळात त्याला बंदिवासात दाखवतो, त्या काळात कोठीवाला त्याला राजा म्हणतो आहे आणि तेल मोजून देतो आहे; या दोन नोंदी नेमक्या जुळत नाहीत. जुळते ते एवढेच, की दाविदाच्या घराण्यातला राजा परक्याच्या कोठीतून आलेल्या शिध्यावर जगत होता, आणि तेवढे मात्र त्याच्या लोकांनी लपवले नाही.